येम आणि इंथनूचं पत्रक

कान्निका चार पडदे शिवायला टाकून गेली आणि जाताना येमच्या मशीनवर एक छापील कागद ठेवून गेली. येमने कागदाला हात लावला नाही. तिने आधी कान्निका गल्लीच्या तोंडापर्यंत गेलेली पाहिली, ती उजवीकडे वळते की डावीकडे हे पाहिलं, आणि मग पायाने मशीन चालवत ठेवून नुसत्या नजरेने कागद वाचला.

पडद्यांचं कापड जाड होतं. आरपार काही दिसता कामा नये, असं कान्निकाने बजावून सांगितलं होतं. पडदे लागणार होते मोटारसायकल दुरुस्तीच्या दुकानावरच्या माडीत, कान्निका काम करायची त्या 'इंथनू' केंद्रात. इंथनू म्हणजे इंद्रधनुष्य. बाईबरोबर संसार करणाऱ्या बाया, पुरुषाबरोबर राहणारे पुरुष, आणि कान्निकासारखी मुलगा म्हणून जन्मून बाई म्हणून जगणारी माणसं तिथे जमतात, हे बात्तंबाँगच्या बाजारात एव्हाना सगळ्यांना ठाऊक होतं. येमने माप घेता घेता विचारलं होतं, एवढे जाड पडदे कशाला? तपासणीच्या खोलीला, लोकांना लाज वाटते, असं कान्निका म्हणाली. येमने मान डोलावली, पण तिला ते पटलं नव्हतं. जिथे बाहेरून आत दिसत नाही, तिथून आतल्या माणसाला बाहेरचंही दिसत नाही, हे ती जाणून होती.

कागदावर पुढच्या महिन्याचे कार्यक्रम होते. पहिल्या शनिवारी रक्ततपासणी. दुसऱ्या बुधवारी आईवडिलांची बैठक. तिसऱ्या रविवारी 'आपलं आयुष्य सांगा': साठीच्या आसपासच्या माणसांनी यावं, आपली कहाणी सांगावी, ती लिहून घेतली जाईल. चौथ्या शुक्रवारी, वर्षानुवर्षं एका छपराखाली राहणाऱ्या दोघांना 'आम्ही एक कुटुंब आहोत' असा कागद करून मिळेल, वॉर्डाचे प्रमुख स्वतः हजर राहतील, येताना ओळखपत्र आणि दोन फोटो आणावेत. सगळ्यात खाली लिहिलं होतं: दुपारचं जेवण केंद्रातर्फे.

येमने तो कागद चार घड्या घालून बॉबिनच्या डब्याखाली दडपला. दिवसभर तिने गणवेशाच्या सात विजारी शिवल्या आणि प्रत्येक विजारीबरोबर तिच्या मनात तोच हिशेब फिरत राहिला. जेवण देणार. आयुष्य सांगायला लावणार. लिहून घेणार. सरकारी माणूस हजर. हे सगळं एका कागदावर, आणि आमंत्रण म्हणून.

हा कागद तिने एकदा पाहिला होता. म्हणजे कागद नव्हता तेव्हा, कर्णा होता.

तेव्हा ती येम नव्हती. तेव्हा तिचं नाव केसोर होतं. नोम पेनमध्ये गणित शिकवणाऱ्या एका मास्तरांची ती मुलगी. काळ्या कपड्यांतल्या बंदूकधारी पोरांनी शहर रिकामं करायचा हुकूम काढला तेव्हा ती अठरा वर्षांची होती. वाटेत तापाने आई गेली. बाप-लेक पुर्सातकडच्या एका गावात येऊन पोचली, आणि दोन महिने वडिलांनी आपण सायकली दुरुस्त करणारे आहोत असं सांगून काढले. मग एके दिवशी बैठक झाली. कर्ण्यावरून सांगण्यात आलं: अंगकारला, म्हणजे त्या काळी सगळ्यांवर हुकूम चालवणाऱ्या संघटनेला, आता शिकलेली माणसं हवी आहेत. देश उभा करायचा आहे. जे शिक्षक होते त्यांनी पुढे यावं, कुणाला काही होणार नाही. पुढे येणाऱ्यांसाठी त्या दिवशी मासळीचं जेवण होतं. वडिलांनी हात वर केला. खोटं बोलून जगायला ते कंटाळले होते, आणि ते दिलेला शब्द खरा मानणारे होते. जेवण झाल्यावर त्यांना बैलगाडीत बसवून नेलं.

त्याच आठवड्यात केसोरची रवानगी कालवा खणणाऱ्या मुलींच्या तुकडीत झाली. तिथे तिला कुणी ओळखत नव्हतं. नाव विचारल्यावर ती म्हणाली, येम. येम ही त्यांच्या घरी धुणं धुवायला येणाऱ्या बाईची मुलगी, तिच्याच वयाची. तिचं गाव, तिची आई, नदीत बुडालेला बाप, शाळेचं तोंड न पाहिलेलं तिचं लहानपण, हे सगळं केसोरला पाठ होतं, कारण दोघी मागच्या ओट्यावर तासन् तास गप्पा मारत बसायच्या. त्या दिवसांत आपली कहाणी पुन्हा पुन्हा सांगायला लावत. आज सांगितली, महिन्याने परत. दोन सांगण्यांत फरक पडला की ते माणूस दिसेनासं व्हायचं. म्हणून तिने येमचं आयुष्य सात वाक्यांत बसवलं आणि ती सात वाक्यं कधी बदलली नाहीत. खरी येम कुठे गेली, जगली की मेली, हे तिला कधीच कळलं नाही.

ते राज्य गेलं, पण नाव तसंच राहिलं. सगळा देश आपापलं घर शोधत रस्त्यावर चालत असताना तिची नारोमशी गाठ पडली. नारोमजवळ भांडं होतं, येमजवळ दोन मुठी तांदूळ. दोघींनी मिळून भात केला आणि मग वेगळ्या झाल्याच नाहीत. त्याला आता अडतीस वर्षं झाली. बात्तंबाँगमध्ये बाजाराच्या मागे त्यांचं लाकडी घर होतं. खाली येमची मशीन, वर दोघींचं बिऱ्हाड. नारोम बांबूच्या नळीत भाजलेला चिकट भात विकायची, नारळाचं दूध आणि घेवड्याचे दाणे घातलेला. शेजारी त्यांना बहिणी म्हणत. काहींना वेगळं कळत होतं, पण कुणी तोंडावर बोललं नाही.

येमच्या सवयी शेजाऱ्यांना ठाऊक होत्या. ती पाठ भिंतीला आणि तोंड दाराकडे करूनच बसायची. फोटो काढून घ्यायची नाही. एकाच बाईकडून लागोपाठ दोन दिवस भाजी घ्यायची नाही, कारण सवय लागली की माणूस चौकशी करू लागतं, असं तिचं म्हणणं. आणि ती वाचायची फार हळू, अक्षरावर बोट ठेवून. धुणेकरणीच्या मुलीला वाचता येणं शक्य नव्हतं, म्हणून पुढे सरकारने प्रौढांचे साक्षरता वर्ग काढले तेव्हा येमने तिथे नाव घातलं, तीन महिने मन लावून चुका केल्या, आणि मग जेमतेम वाचता येणारी बाई म्हणून ती बाहेर पडली.

पडदे लावायला ती स्वतः गेली. मापात चूक झाली असेल तर जागेवर दुरुस्त करता येईल, असं तिने नारोमला सांगितलं. खरं तर तिला ती जागा पाहायची होती. वर जायला एकच जिना. मागच्या बाजूला खिडकी होती, तिला गज नव्हते, खाली पत्र्याची शेड होती. माणूस तिथून उतरू शकतं, हे तिने मनात नोंदवलं. दाराशी टेबलावर वही होती: नाव, वय, फोन, सही. पडदे लावायला आलेल्या बाईनेही सही करायची का, असं तिने विचारलं. कान्निका म्हणाली, येणारे सगळेच करतात, मदत देणाऱ्यांना किती माणसं आली ते कळवावं लागतं. येमने एक एक अक्षर कोरत लिहिलं: सुओन.

कान्निकाला तिचं नाव चांगलं ठाऊक होतं. तिने ते अक्षर वाचलं, येमकडे पाहिलं आणि काही न बोलता वही मिटली. येमला हे जास्तच खटकलं. खोटं नाव मुकाट्याने घेणारं माणूस एक तर फार भलं असतं, नाहीतर फार हुशार.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी नारोम म्हणाली, मी पागोड्यात जाऊन येते, म्हाताऱ्या बायांबरोबर शीलं घ्यायची आहेत. ती नवी पांढरी ओढणी खांद्यावर टाकून गेली. ती गेल्यावर येमने भिंतीवरचं चांद्रमासाचं कॅलेंडर पाहिलं. त्या दिवशी अष्टमी नव्हती, पौर्णिमाही नव्हती. शीलं घ्यायचा दिवसच नव्हता तो. नारोम दुपारी परतली तेव्हा तिच्या कपड्यांना उदबत्तीचा वास नव्हता, आणि दंडावर कापसाचा बोळा चिकटपट्टीने लावलेला होता. बाही खाली ओढून ती म्हणाली, भिक्खूंनी आज फार मोठं प्रवचन दिलं. येम म्हणाली, हो का.

एवढ्यावर ती थांबली. अडतीस वर्षांत तिने नारोमला खोटं बोलताना पकडलं नव्हतं, कारण नारोम खोटं बोलतच नव्हती. ते काम घरात एकटी येम करत होती. त्या रात्री तिला झोप लागली नाही. तो कागद नारोमलाही बाजारात मिळाला असणार हे उघड होतं. पण मग लपवते का? कोणी सांगितलं लपवायला? तिथे कोणी दुसरी आहे का? कान्निकाच्या बरोबर एक आखूड केसांची, हसऱ्या तोंडाची बाई असते, पन्नाशीची, ती नारोमच्या गाडीवरून दोनदा भात घेऊन गेली होती. नाही नाही त्या शंका येमच्या डोक्यात येऊन गेल्या. पण त्यातली सगळ्यात वाईट शंका दुसरीच होती. बाई असती तर परवडली असती. नारोम तिथे काय सांगते आहे?

तिसऱ्या रविवारी नारोम पुन्हा पागोड्यात निघाली. या वेळी येम सायकल घेऊन मागोमाग गेली. मोटारसायकलच्या दुकानासमोर उसाच्या रसाची गाडी होती, तिथे ती बसली. जिन्याच्या पायथ्याशी आठ-नऊ जोड चपला होत्या. त्यात नारोमची होती. डाव्या चपलेचा पट्टा तुटला होता आणि तो येमनेच मेणाच्या दोऱ्याने शिवून दिला होता. तिने रस संपवला, गाडीवाल्याला विचारलं की इथे पोलीस कधी येतात का. तो म्हणाला, येतात की, मोटारसायकल दुरुस्तीला. या उत्तराने तिचं समाधान झालं नाही.

अर्ध्या तासाने ती उठली आणि जिन्याने वर गेली. दारापर्यंत न जाता वरून तिसऱ्या पायरीवर बसली. तिथून आतलं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं. कुणीतरी खोकत होतं, पंखा गरगरत होता, आणि नारोम बोलत होती.

नारोम हॉस्पिटलची गोष्ट सांगत होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या पित्ताशयात खडे झाले, पोटात कळा येऊन ती गाडीजवळच कोसळली. येमने तिला रिक्षात घालून नेलं. ऑपरेशनच्या कागदावर नातेवाइकाचा अंगठा हवा होता. येम म्हणाली, मी बहीण. नर्सने दोघींची ओळखपत्रं पाहिली, बापाची नावं वेगळी, गावं वेगळी, आणि ती म्हणाली, खरं माणूस आणा. मग पॉयपेटच्या सरहद्दीवर काम करणाऱ्या भाच्याला, वुथाला, निरोप गेला. तो दुसऱ्या दिवशी दुपारी आला. तोपर्यंत नारोम कळा सोसत पडून राहिली. "आणि माझी बाँग बाहेर भिंतीशी बसली होती," नारोम म्हणाली. बाँग म्हणजे मोठी. घरात ती येमला याच नावाने हाक मारायची. "फेरीवाली बसते तशी बसली होती. वुथा आत आला, त्याला खुर्ची दिली. त्याने वर्षभरात माझं तोंड पाहिलं नव्हतं. म्हणून मला तो शुक्रवारचा कागद हवाय. पण तिला सांगायचं कसं ते कळत नाही. ती कागदाला भिते."

येम पायरीवर तशीच बसून राहिली. नारोमच्या मनात दुसरं कुणी नव्हतं, एवढं तिला कळलं, आणि तिला स्वतःची लाज वाटली. तिने उठून खाली जायचं ठरवलंही होतं. तेवढ्यात आत कान्निकाने विचारलं, तुमच्या बाँग मूळच्या कुठल्या?

नारोमने ती सात वाक्यं सांगितली. धुणेकरीण आई, नदीत बुडालेला बाप, सगळी, त्याच क्रमाने, त्याच शब्दांत. मग ती थांबली आणि म्हणाली, "हे ती असंच सांगते. अडतीस वर्षं असंच. एक शब्द इकडचा तिकडे होत नाही. माझी गोष्ट मी दर वेळी वेगळी सांगते, कधी भांडं मातीचं असतं, कधी पितळेचं. हिची बदलत नाही. मला कधीपासून वाटतं, ही गोष्ट तिची नाही. पण विचारलं नाही. विचारलं आणि ती बोलायचीच थांबली तर?"

आत कान्निकाचं पेन कागदावर चालत होतं. तो आवाज येमला पंख्याच्या आवाजातही ऐकू आला.

ती कधी उठली, कधी आत गेली, हे तिला नंतर आठवेना. आत सहा-सात म्हातारी माणसं गोलाकार बसली होती. ती सरळ कान्निकापुढे गेली आणि हात पुढे करून म्हणाली, "दे ते कागद."

कान्निकाने एक क्षणही घेतला नाही. तिने वहीतून तीन पानं काढली, खालच्या पानावर उमटलेला ठसाही नको म्हणून चौथं कोरं पानही काढलं, आणि चारही येमच्या हातात दिली. "ही तुमचीच आहेत, आजी," ती म्हणाली. "माझ्याकडे दुसरी प्रत नाही."

येमला हे अपेक्षित नव्हतं. ती भांडायच्या तयारीने आली होती. कागद परत मिळतात हे तिने आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. काहीतरी फसवणूक असणारच, मधली ओळ गाळली असेल, वेगळंच काही लिहिलं असेल, म्हणून तिने तिथेच उभ्या उभ्या पानं वाचायला घेतली. तिला नीट ऐकायचं होतं म्हणून मोठ्याने वाचली. भराभर, न अडखळता, शब्द नीट तोडत, जोडाक्षरांवर योग्य तो जोर देत. तिच्या वडिलांनी तिला तसंच वाचायला शिकवलं होतं. पहिलं पान संपून दुसरं अर्धं झालं तेव्हा तिच्या लक्षात आलं की खोलीत कुणी हलत नाही.

"बाँग," नारोम हळूच म्हणाली, "तू वाचतेस."

"वर्गात शिकले."

"त्या वर्गात मी तुझ्या शेजारी बसले होते."

येमने कागद कमरेला खोचले आणि ती जिना उतरून गेली.

घरी नारोम तीन दिवस बोलली नाही. स्वयंपाक केला, भाताच्या नळ्या भाजल्या, बाजारात गेली, आली. येमच्या पुढ्यात ताट ठेवलं. पण तोंडातून शब्द नाही. एरवी तिची बडबड दिवसभर चालायची. येमला वाटायचं आपण ती ऐकत नाही, आता कळलं की ऐकत होतो. चौथ्या दिवशी दुपारी येमने मशीन थांबवली आणि दार लोटून घेतलं.

"ऊन," ती म्हणाली. लहान असलेल्या, आपल्या माणसाला अशी हाक मारतात. "माझं नाव येम नाही."

"मग कुणाचं आहे?"

येमने सांगितलं. ओटा, धुणं, गप्पा, बैठक, मासळीचं जेवण, बैलगाडी. तिला वाटलं होतं फार वेळ लागेल. भाजी चिरून होते तेवढ्यात संपलं. नारोम ऐकत राहिली. मग तिने विचारलं की ती मुलगी जिवंत आहे का. माहीत नाही, असं येम म्हणाली.

"म्हणजे अडतीस वर्षं मी दुसऱ्याच कुणाला हाक मारतेय," नारोम म्हणाली. "ती बिचारी कुठे मेली असेल तर तिचा जीव काय म्हणत असेल? आणि तुला काय वाटलं, मी जाऊन कुणाला सांगेन?"

"आधी तसंच वाटलं."

"आणि नंतर?"

"नंतर तुझ्यासाठी भीती वाटली. तुला माहीत नसलं तर तुझ्याकडून काढून घेता येणार नाही."

नारोम रडली नाही. तिला राग आला होता आणि तो तिने लपवला नाही. ती म्हणाली की एवढा मोठा संशय उशाशी घेऊन झोपणारी बाई मी दुसरी पाहिली नाही, आणि तू माझ्यामागे सायकल घेऊन आलीस हेही मला रसवाल्याने सांगितलं. मग तिने खरं नाव विचारलं.

येमने तोंड उघडलं, पण ते नाव बाहेर येईना. किती तरी वर्षांत ते तिने मनातल्या मनातही उच्चारलं नव्हतं. शेवटी तिने कापडावर खुणा करायचा खडू उचलला आणि निळ्या विजारीच्या कापडावर लिहिलं. नारोमने बोट ठेवून वाचलं. के. सोर. दोनदा वाचलं, आणि हाताने पुसून टाकलं, कारण ते कापड गिऱ्हाइकाचं होतं.

दुसऱ्या दिवशी जेवताना नारोम म्हणाली, केसोर, मीठ दे. येमने मान वर केली नाही. नारोमने पुन्हा म्हटलं, मग स्वतः उठून मीठ घेतलं आणि म्हणाली, जाऊ दे, तुला ते ऐकू येत नाही. त्यानंतर ती पहिल्यासारखीच बाँग म्हणू लागली.

शुक्रवारी दोघी केंद्रात गेल्या. येमने जाताना ओळखपत्र नेलं, फोटोही काढून घेतले. फोटोत ती कॅमेऱ्याकडे न पाहता फोटो काढणाऱ्याच्या हातांकडे पाहते आहे. वॉर्डाचे प्रमुख पंख्याखाली बसले होते. बरा माणूस होता, पण घाईत होता. येमने त्यांना विचारायला सुरुवात केली. कागदाच्या प्रती किती? तीन. एक तुमच्याकडे, एक केंद्रात, एक वॉर्डाच्या कचेरीत. कचेरीतली कुठे ठेवता? कपाटात. कपाटाची चावी कुणाकडे? तुम्ही बदललात तर ती कुणाकडे जाते? कचेरीतली प्रत नको, असं ती म्हणाली. प्रमुख म्हणाले, प्रत नाही तर शिक्का नाही. मागे रांगेत दोन तरुण उभे होते, त्यांच्यातला एक उसासला. कान्निका काही बोलली नाही, येमच्या बाजूने नाही आणि प्रमुखांच्या बाजूनेही नाही. येमला पहिल्यांदाच तिचं गप्प राहणं बरं वाटलं.

मग येमने विचारलं की ओळखपत्रावर आहे त्याशिवाय आणखी एखादं नाव लिहिता येईल का. प्रमुखांनी चष्म्यावरून पाहिलं. कार्डावर आहे तेच, आजी, दुसऱ्या नावाला जागा नाही. नारोमने येमकडे पाहिलं. येम उठून गजांशिवायच्या त्या मागच्या खिडकीपाशी गेली, खाली पत्र्याची शेड पाहिली, आणि काही वेळ तिथेच उभी राहिली. नारोमने तिला बोलावलं नाही. रांगेतल्या त्या दोन तरुणांना तिने आधी जाऊ दिलं.

मग येम परत आली, आणि येम याच नावापुढे तिने अंगठा उठवला. शेजारी नारोमने उठवला. प्रमुखांनी शिक्का मारला. जेवणात भात आणि आंबट मासळीची आमटी होती. नारोम जेवली. येमने पाणीसुद्धा घेतलं नाही; घरून बांधून आणलेला भात तिने जिन्यात बसून खाल्ला.

शंका गेल्या नाहीत. पण त्या महिन्यापासून ती केंद्रात जाऊ लागली, आणि प्रत्येक वेळी काही ना काही विचारायची. दाराशी वही कशाला? किती माणसं आली एवढंच कळवायचं असेल तर डोकी मोजा. कान्निकाने मदत देणाऱ्यांशी दोन महिने पत्रापत्री केली आणि वही बंद झाली. आता दाराशी बरणी असते, येणारा तिच्यात एक चिंचोका टाकतो. पुढच्या पत्रकावर 'आपलं आयुष्य सांगा' असं छापायचं होतं तेव्हा येम म्हणाली, सांगा म्हणू नकोस, तो हुकूम वाटतो. ज्याला सांगावंसं वाटेल त्याने सांगावं, आणि लिहिलेलं पान घरी न्यावं, असं लिही. तसं लिहिल्यावर थ्मॉर कोलहून आणि आणखी लांबून म्हातारी माणसं यायला लागली. त्यातली काही नुसतीच बसून जात. येम त्यांना काही विचारत नसे.

वर्षभराने एका रविवारी ती स्वतः सांगायला बसली. आईबद्दल सांगितलं नाही, कालव्याबद्दलही नाही. वडील फळ्यावर वर्तुळ कसं काढायचे ते सांगितलं, मोकळ्या हाताने, दोरी न लावता, आणि पोरं टाळ्या वाजवायची. त्यांचं पूर्ण नाव सांगितलं. बैठकीचा दिवस आला तिथे ती थांबली. कान्निकाने लिहिलेली दोन पानं तिने घेतली, एकदा वाचली, एका शब्दाचं शुद्धलेखन दुरुस्त केलं आणि घरी नेली.

ती पानं आता नारोमकडे आहेत. ती दुपारी गिऱ्हाईक नसताना मशीनशेजारी बसून त्यातल्या चार-पाच ओळी वाचते. तिचं वाचन खरोखरच हळू आहे. एखादं अक्षर अडलं की ती विचारते, बाँग, हे काय? येम टाके न थांबवता सांगते. वर्तुळाच्या गोष्टीपर्यंत यायला नारोमला दोन आठवडे लागले, आणि तिथे आल्यावर ती खुशीत येऊन मोठ्याने वाचू लागली.

"हळू वाच," येम म्हणाली. तिची नजर दाराकडे होती. "रस्त्यावर माणसं आहेत."